मूल्ये मालकाची, जोखीम मजुराची

उद्योगपतींच्या परिषदांतून, व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यालयांतून आणि दैनिकांच्या अर्थविषयक पानांतून अलीकडे एका शब्दप्रयोगाची मोठी चलती आहे. तो शब्दप्रयोग म्हणजे 'मूल्याधिष्ठित नेतृत्व'. कारखाना केवळ नफ्यासाठी चालवावयाचा नसतो, त्यामागे काही मूल्ये असावी लागतात, ती मूल्ये मालकाने स्वतः आचरणात आणावी लागतात, आणि मग ती झिरपत झिरपत शेवटच्या कामगारापर्यंत पोहोचून उत्तम 'कार्यसंस्कृती' निर्माण होते, असा हा सिद्धान्त आहे. मालक हा आता धनी राहिलेला नाही, तो कुटुंबप्रमुख झाला आहे. कामगारालाही 'सहकारी' किंवा 'परिवारातील सदस्य' अशी बढती मिळाली आहे. परिवारातल्या सदस्याला हंगाम संपताच घराबाहेर काढण्याची रीत कोणत्या घरात असते, हा प्रश्न मात्र या परिषदांतून कोणी विचारीत नाही.

हा सिद्धान्त खरा की खोटा हे ठरवावयाचे तर त्याची परीक्षा वातानुकूलित सभागृहात घेऊन चालणार नाही. नदीच्या पाण्याची परीक्षा उगमापाशी करीत नाहीत, जेथे लोक ते पितात तेथे करतात. मूल्ये वरून खाली झिरपतात असे म्हणणाऱ्यांनी सर्वांत खालच्या ठिकाणी जाऊन ओल किती पोहोचली ते दाखवावे. असे एक ठिकाण म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातील बाभुळगाव.

यवतमाळहून धामणगावच्या रेल्वे स्थानकाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. बेंबळा प्रकल्पाचे धरण याच तालुक्यात आहे. तरीही तालुक्यातील बहुतेक शिवार आजही पावसाकडे डोळे लावून बसते. पीक मुख्यतः कापसाचे, जोडीला तूर आणि सोयाबीन. येथे कोणत्याही मोठ्या कंपनीचे मुख्यालय नाही आणि भिंतीवर चौकटीत बसविलेली मूल्यांची पाटीही नाही. परंतु देशातील आणि परदेशातील कितीतरी मूल्यसंपन्न कंपन्यांची येथे रोज ये-जा चालू असते. बियाण्याच्या पाकिटावर त्यांची नावे असतात, कीटकनाशकाच्या डब्यावर असतात, आणि येथून निघालेली रुई सूत होऊन, कापड होऊन ज्या सदऱ्यात रूपांतरित होते त्या सदऱ्याच्या गळपट्टीवरही असतात. या दोन टोकांच्या मधे जी माणसे राबतात त्यांची नावे कोठेच नसतात. सप्टेंबरमध्ये पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत शिरणारा फवारणीचा मजूर, दिवाळीनंतर किलोवर पैसे घेऊन वेचणी करणारी बाई, आणि जिनिंगमध्ये सरकी-रुईच्या धुळीत उभा राहणारा हंगामी कामगार ही ती माणसे होत. कार्यसंस्कृतीची चर्चा करावयाची असेल तर ती त्यांच्या कामाच्या जागेपासून सुरू झाली पाहिजे.

चांगल्या मालकांची परंपरा विदर्भाला अपरिचित आहे असे मात्र नव्हे. किंबहुना भारतातील या परंपरेचा प्रारंभच वऱ्हाड-नागपूरच्या कापसावर झाला. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपुरात गिरणी काढली ती कापूस जवळ मिळतो म्हणून. १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली आणि त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित करण्यात आल्यामुळे तिचे नाव 'एम्प्रेस' पडले. या गिरणीत १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई सुरू झाली. सरकारने कामगार भरपाईचा कायदा १९२३ मध्ये केला, हे ध्यानात घेतले म्हणजे टाटांची दूरदृष्टी नाकारता येत नाही, आणि समाजवाद्यांनी ती नाकारण्याचे कारणही नाही.

परंतु या गोष्टीचा उत्तरार्ध व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवीत नाहीत. टाटांच्याच जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस आला, त्याचे कौतुक आजही होते. त्याच कारखान्यात १९२०, १९२२ आणि १९२८ मध्ये मोठे संप झाले, त्यांचा उल्लेख होत नाही. मालक इतका उदार असताना कामगारांना संप का करावे लागले? कारण उदारतेचे प्रमाण, तिची वेळ आणि तिची मर्यादा ही तिन्ही मालकानेच ठरवावयाची असतात. नागपुरात रुईकरांसारख्या नेत्यांना गिरणी कामगारांची संघटना बांधावी लागली तीही याच कारणाने. आणि एम्प्रेसचे पुढे काय झाले? काळ बदलला, गिरणी तोट्यात गेली, टाटांच्या हातून ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली आणि २००२ मध्ये तिचा भोंगा कायमचा थांबला. तिच्या जमिनीवर आज एम्प्रेस याच नावाची बाजारपेठ उभी आहे. संस्थापकाची मूल्ये पुतळ्यात राहिली. कामगार मात्र रस्त्यावर आले. मूल्ये व्यक्तीची असली की ती व्यक्तीबरोबर जातात, हा त्या इतिहासाचा अर्थ आहे. आठवड्याची सुट्टी मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० पासून मिळू लागली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी हजारोंच्या सभा भरवून आणि निवेदनांवर सह्या गोळा करून मिळविली; म्हणूनच पुढच्या मालकाला ती काढून घेता आली नाही.

आता गिरणीतून मागे, जिनिंगमध्ये येऊ. या मजुराची कथा अधिक बोलकी आहे, कारण येथे अन्याय मालकाच्या लहरीवर सोडलेला नसून कायद्याच्या व्याख्येत शिवून टाकलेला आहे. हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१ चा. तो शंभर वा अधिक मजूर असलेल्या आणि वर्षातून चार महिन्यांहून अधिक काळ चालणाऱ्या कारखान्यांनाच लागू होता. कापसाचे जिन किती महिने चालत असे? हंगाम जेमतेम तेवढाच. म्हणजे ज्या हंगामात दिवसरात्र रेचे चालत, बायका आणि पोरे कापूस टाकीत उभी राहत, तो हंगाम लहान आहे या कारणास्तव त्यांना संरक्षण नव्हते! चार महिन्यांहून कमी चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या कायद्याने. मधल्या तीस वर्षांत वऱ्हाडच्या कापसावर किती पेढ्या उभ्या राहिल्या याचा हिशेब कोणीही करावा.

स्वातंत्र्यानंतर स्थिती बदलली असे वाटण्याचा संभव आहे. १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. आजारपणात औषध, अपघातात भरपाई, बाळंतपणात पगार अशी ती उत्तम योजना. पण 'हंगामी कारखाना' तिच्यातून वगळला गेला, आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत ज्या धंद्यांची नावे घातली गेली त्यात पहिले नाव सरकी काढण्याच्या धंद्याचे, म्हणजे जिनिंगचे, आणि लगोलग दुसरे कापूस दाबण्याचे, म्हणजे प्रेसिंगचे आहे. औद्योगिक विवाद कायद्यातील कामबंदीच्या भरपाईचे प्रकरणही हंगामी आस्थापनांना लागू नव्हते. पुढे २०१९ आणि २०२० मध्ये जुने कायदे मोडून चार श्रमसंहिता केल्या गेल्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अमलात आल्या. 'ऐतिहासिक सुधारणा' म्हणून त्यांचे ढोल वाजले. परंतु सामाजिक सुरक्षा संहितेतील हंगामी कारखान्याची व्याख्या काढून पाहावी: जिनिंग आणि प्रेसिंग तेथे आहेत तसेच आहेत, नीळ आणि लाखेच्याही सोबत! नीळ इतिहासजमा झाली, नीळवाले गोरे मळेवाले गेले. वगळण्याची यादी मात्र टिकली. कारखाना ठरण्यासाठी लागणारी मजुरांची संख्या तर दहावरून वीसवर आणि विजेविना चालणाऱ्या कारखान्यात वीसवरून चाळीसवर नेण्यात आली.

धूळ हंगामी असते म्हणून ती हंगामापुरतीच फुप्फुसात शिरते आणि हंगाम संपताच बाहेर येते, असे काही शास्त्र असल्यास ते ऐकावयास हवे. कापसाच्या धुळीने होणारा श्वसनाचा विकार जगभरच्या वैद्यकाला शतकाहून अधिक काळ माहीत आहे. जिनिंगचा मजूर बहुधा ठेकेदारामार्फत येतो, पुष्कळदा परजिल्ह्यातून वा परप्रांतातून, आणि हंगाम संपताच परततो. पुढच्या वर्षी तो आला नाही तर का आला नाही याची चौकशी करणारी वही कोठेही नाही.

तरीही जिनिंगला निदान भिंत आहे, फाटक आहे, तेथे मालक दाखविता येतो. शेतातल्या फवारणीच्या मजुराला तेही नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडले ते पक्षाच्या कार्यकर्त्यांना सांगण्याची आवश्यकता नाही. पण ते 'कार्यसंस्कृती'च्या भाषेत कोणी मांडलेले नाही, म्हणून ते पुन्हा मांडणे भाग आहे. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती. बोंडअळीचा बंदोबस्त होईल या ग्वाहीवर २००२ पासून विकले गेलेले बीटी बियाणे गुलाबी बोंडअळीपुढे निष्प्रभ ठरत चालले होते. फवारण्या वाढल्या, औषधांची सरमिसळ वाढली, तोंडाच्या उंचीवर फवारा उडू लागला. जुलै-ऑगस्टपासून माणसे उलट्या, अंधुक दृष्टी आणि श्वासाचा त्रास घेऊन यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात येऊ लागली. काही आठवड्यांत ही संख्या शेकड्यांवर गेली, आणि एकट्या या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे प्राणाला मुकली. विषबाधेचे प्रमाण दाखविणारी रक्तातील कोलिनेस्टरेजची तपासणी करण्याची सोय त्या रुग्णालयात नव्हती. जो जिल्हा दर हंगामात हजारो लिटर विष शिवारात ओततो, त्याच्या मुख्य रुग्णालयात विष मोजण्याचे साधन नसावे, हीसुद्धा एक कार्यसंस्कृतीच आहे.

मृत्यूनंतर दोष कोणाचा याची शोधाशोध सुरू झाली आणि पहिले बोट मृतांकडेच वळले. त्यांनी तोंडाला मुसके बांधले नव्हते, हातमोजे घातले नव्हते, डब्यावरच्या सूचना वाचल्या नव्हत्या! डब्यावरच्या सूचना वाचता येतील अशा आकाराच्या अक्षरांत छापण्याचे कर्तव्य कोणाचे, आणि भाद्रपदाच्या उन्हात व दमट हवेत जो वेश अंगावर अर्धा तास ठेवणे अशक्य तो 'सुरक्षावेश' म्हणून पुढे करणे किती प्रामाणिकपणाचे, हे प्रश्न गौण ठरले. राज्य सरकारने मृतांच्या कुटुंबीयांना दोन-दोन लाख रुपये देऊ केले. काही कीटकनाशकांवर साठ दिवसांची बंदी आली, तीही फवारणीचा हंगाम सरत आल्यावर.

या प्रकरणातल्या एका औषधाचे उदाहरण या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेले आहे. 'पोलो' या नावाने विकले जाणारे हे कीटकनाशक स्वित्झर्लंडच्या सिंजेंटा कंपनीचे. त्यातील डायफेन्थ्युरॉन हे रसायन खुद्द स्वित्झर्लंडमध्ये २००९ पासून वापरात नाही; तेथून ते भारतात पाठविण्यास मात्र प्रत्यवाय नव्हता, आणि निर्यातीवर बंदी आली ती २०२१ पासून. या कंपनीने २०१३ मध्ये मोठा गाजावाजा करून जगापुढे एक मूल्याधिष्ठित कार्यक्रम ठेवला होता. त्यात सहा वचने होती आणि त्यांपैकी एक होते शेतमजुरांच्या सुरक्षिततेचे: दोन कोटी शेतमजुरांना सुरक्षित हाताळणीचे शिक्षण देण्याचे. हे लक्ष्य ओलांडल्याचेही पुढे जाहीर झाले. ते वचन हवेत असतानाच २०१७ चा हंगाम आला, आणि त्याच वर्षी ही कंपनी सुमारे ४३ अब्ज डॉलरना चीनच्या सरकारी रसायन कंपनीच्या मालकीची झाली. विषबाधितांच्या संघटनांनी मिळविलेल्या पोलिसी नोंदींत ९६ प्रकरणांचा संबंध 'पोलो'शी जोडलेला आढळला. कंपनीने आपल्या औषधाचा या घटनांशी संबंध असल्याचे नाकारले. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ कुटुंबांच्या वतीने स्वित्झर्लंडमधील शासकीय संपर्क केंद्राकडे तक्रार गेली; २०२२ मध्ये ती कोणत्याही समझोत्याविना बंद झाली. दोन विधवा आणि एक बचावलेला शेतकरी यांनी तेथील न्यायालयाचेही दार ठोठावले.

औषध कोणाचे आणि मृत्यू कशाने झाला याचा निर्णय न्यायालय देईल. येथे मुद्दा वेगळा आहे. मजुरांना सुरक्षिततेचे शिक्षण देणे हे त्या कंपनीने 'वचन' म्हणून मिरविले, आणि इतर कंपन्याही आपापल्या अहवालांत 'सामाजिक बांधिलकी' म्हणून मिरवितात. वस्तुतः भारतात कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे आणि त्याखालील नियम १९७१ चे. केरळात १९५८ मध्ये विषारी धान्याने शंभराहून अधिक माणसे मेली, त्या प्रसंगातून या कायद्याचा जन्म झाला. त्या नियमांत उत्पादक आणि वितरक यांनी मजुरांना सुरक्षिततेचे शिक्षण द्यावे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. फवारणी करणाऱ्याची कामापूर्वी आणि पुढेही ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी व्हावी, संरक्षक कपडे आणि श्वसनाचे साधन असावे, विषावरचा उतारा हाताशी असावा, हे सर्व त्यात आहे. म्हणजे जे पन्नास वर्षांपूर्वीच कंपनीचे कायदेशीर कर्तव्य ठरले होते, तेच आज तिचे औदार्य म्हणून रंगीत कागदावर छापून येते! कर्ज बुडवावे आणि त्यातलेच चार रुपये दान करून दात्यांच्या यादीत नाव लावावे, त्यातला हा प्रकार आहे. मूल्यांची भाषा अनेकदा कायद्याच्या जागी बसविण्यासाठीच बोलली जाते. कर्तव्य म्हटले की त्यामागे दंड येतो. मूल्य म्हटले की त्यामागे टाळ्या येतात.

कोणी म्हणेल, कामगार भरपाई कायद्याच्या अनुसूचीत शेतीतल्या कीटकनाशक फवारणीचा समावेश आहे, मग अडचण काय? समावेश आहे हे खरे. पण त्या कायद्याने भरपाई द्यावयाची ती मालकाने, आणि फवारणीच्या मजुराचा मालक कोण? तर चार एकरांचा कोरडवाहू कास्तकार, ज्याच्यावर सोसायटीचे आणि सावकाराचे कर्ज आहे आणि जो पुष्कळदा स्वतःच दुसरा पंप पाठीवर घेऊन त्याच तासात चालत असतो. २०१७ मध्ये दगावलेल्यांत मजूरही होते आणि लहान शेतकरीही. मजुराच्या विधवेने शेतकऱ्याच्या विधवेवर दावा लावावा, अशी ही व्यवस्था आहे! औषध बनविणारा, ते विकून नफा घेणारा, कापूस घेऊन त्याचे कापड करणारा, यांपैकी कोणीही कायद्याच्या दृष्टीने तेथे 'मालक' नाही. आजच्या भांडवलशाहीची खरी करामत हीच आहे. नफा ज्या वाटेने वर जातो त्या वाटेवर एकही पायरी तुटलेली नसते. जबाबदारी मात्र वर जाऊ लागली की पहिल्याच पायरीवर, एका गरीब माणसाच्या दारात, अडते. आणि वरच्या मजल्यावर बसलेला मालक स्वच्छ हातांनी मूल्यांवर भाषण करू शकतो, कारण त्याचे हात मलिन करणारे काम त्याने साखळीच्या दुसऱ्या टोकाला लोटलेले असते.

हे ढोंग सरकारी नियमांतही कसे मुरले आहे ते पाहण्यासारखे आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्यातून शाळांना बाके मिळाली, गावांना पाण्याच्या टाक्या मिळाल्या. त्यांचा उपयोग नाही असे कोण म्हणेल? पण उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के कसे मिळविले, याविषयी तो कायदा मौन पाळतो. मग सेबीने मोठ्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला आणि पुरवठ्याच्या साखळीतील स्थितीही सांगावी, असे पुढचे पाऊल टाकले. त्या पावलाचे काय झाले? डिसेंबर २०२४ मध्ये साखळीविषयीची ही माहिती ऐच्छिक ठरविण्यात आली. शिवाय साखळीतला घटक कोण, तर ज्याचा वाटा कंपनीच्या खरेदी-विक्रीत किमान दोन टक्के आहे तो. बाभुळगावच्या कोणत्या कास्तकाराचा वाटा एखाद्या कापड कंपनीच्या खरेदीत दोन टक्के भरेल? तालुक्याचा सगळा कापूस एकाच गाडीत भरला तरी तो त्या चाळणीतून खाली पडेल. दिसू नये अशा बेताने चाळणीची भोके पाडावयाची आणि मग चाळणीत काहीच सापडले नाही म्हणून समाधान मानावयाचे, असा हा उद्योग आहे.

विदर्भात या चर्चेला आणखी एक उत्तर नेहमी दिले जाते आणि ते अधिक आदराने ऐकले पाहिजे. जिल्ह्याच्या सीमेवरची वर्धा नदी ओलांडली की सेवाग्रामचा जिल्हा लागतो. गांधीजींनी विश्वस्तवृत्तीचा विचार मांडला, जमनालाल बजाजांसारख्या व्यापाऱ्याने तो जगण्याचा प्रयत्न केला, मग मूल्याधिष्ठित मालकाची टिंगल का करावी, असे पुष्कळ सर्वोदयी मित्र विचारतात. त्यांनी विश्वस्तवृत्तीचा जो मसुदा गांधीजींच्या नजरेखालून आणि दुरुस्त्यांसह गेला होता तो पुन्हा वाचावा. तो तयार करण्यात समाजवादी विचारांचे अर्थशास्त्रज्ञ दांतवाला यांचा हात होता. संपत्तीच्या मालकीवर आणि वापरावर कायद्याने नियंत्रण घालण्यास विश्वस्तवृत्तीचा विरोध नाही, हे त्या मसुद्यात आहे. किमान आणि कमाल उत्पन्नातील अंतर वाजवी असावे आणि ते उत्तरोत्तर कमी व्हावे, हेही आहे. उत्पादन कशाचे व्हावे हे लोभाने नव्हे, तर समाजाच्या गरजेने ठरावे, हेही आहे. आजच्या मूल्यवादी उद्योगपतीला यांतले एक तरी कलम आपल्या भिंतीवर लावण्याचे धैर्य आहे काय? गांधीजींचा विश्वस्त हिशेब देण्यास बांधलेला होता. आजचा विश्वस्त स्वतःच हिशेब लिहितो, स्वतःच तपासतो आणि स्वतःलाच पुरस्कार देतो.

मग उपाय कोणता? येथे महाराष्ट्राच्या कामगार चळवळीने जगाला दाखविता येईल असे एक उदाहरण घालून दिलेले आहे, आणि नवल असे की ते सांगताना चळवळीतलेच लोक संकोचतात. हमालाचा मालक कोण हा प्रश्न असाच अवघड होता. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची, संध्याकाळी तिसऱ्याची. कोणताही व्यापारी म्हणू शकत होता, हा माझा नोकर नाही. आणि ते शब्दशः खरे होते. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांचा लढा आणि पुण्यात बाबा आढावांनी बांधलेली हमाल पंचायत यांनी हा प्रश्न व्यापाऱ्यांच्या सदसद्विवेकावर सोपविला नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने उत्तर असे दिले की एक मालक सापडत नसेल तर सर्व मालक मिळून मालक. प्रत्येक व्यापाऱ्याने नोंदणी करावयाची, मजुरी आणि तिच्यावरची ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरावयाची. त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार मंडळाने द्यावयाचे. आणि मंडळावर मालक, कामगार व सरकार या तिघांचे प्रतिनिधी बसावयाचे. मुंबईत कापसाच्या व्यापारातील हमालांसाठीही असे मंडळ झाले. ज्या कापसाची गाठ मुंबईत उतरविणाऱ्याला हक्क मिळू शकतो, तोच कापूस बाभुळगावात पिकविताना विष अंगावर घेणाऱ्याला तो मिळू नये, याला कोणतेही तर्कशास्त्र नाही. संघटित क्षेत्रातील संघटनांनी या माणसाला आपला कधी मानलेच नाही, हेही येथे नोंदवून ठेवावे लागेल. बोनसच्या मोर्चात जेवढे झेंडे निघतात तेवढे फवारणीच्या प्रश्नावर २०१७ मध्येही निघाले नव्हते.

माथाडीचे तत्त्व शेतीच्या विषाला लावले तर काय होईल? राज्यात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या प्रत्येक डब्यावर उत्पादकाकडून लेव्ही घ्यावी, कास्तकाराकडून नव्हे. फवारणी करणाऱ्यांची, मग तो मजूर असो वा स्वतःच्या शेतात राबणारा लहान शेतकरी, तालुकावार नोंद व्हावी. विषबाधा झाली की दोष कोणाचा हे सिद्ध होण्याची वाट न पाहता निधीतून औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला भरपाई मिळावी. दोष ठरवून वसुली करण्याचे काम मंडळाने कंपनीशी लढून करावे, विधवेने नव्हे. ज्या कंपनीच्या औषधाने अधिक माणसे रुग्णालयात जातील तिची लेव्ही वाढावी. हे झाले की सुरक्षित औषध आणि सुरक्षित पंप बनविण्याचे मूल्य कंपनीच्या अंगी आपोआप बाणू लागेल, कारण ते तिच्या ताळेबंदात दिसू लागेल. जिनिंगच्या मजुरासाठी तर एवढेही नवे काही घडवावयाचे नाही. हंगामी कारखान्याच्या व्याख्येतून जिनिंग आणि प्रेसिंग ही दोन नावे काढून टाकण्यास एका दुरुस्ती विधेयकाचा कागद पुरे.

धंदा बुडेल, असे यावर ओरडून सांगितले जाईल. १८८१ पासून प्रत्येक कारखाना कायद्याच्या वेळी हेच सांगितले गेले. माथाडी कायद्याच्या वेळी मुंबईचे व्यापारी हेच म्हणत होते, आणि मुंबईचा व्यापार बुडाल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. मजुराला हक्क दिल्याने जो धंदा बुडतो, तो आजवर मजुराच्या आयुष्यावरच तगून होता एवढेच त्यातून सिद्ध होईल.

बाभुळगाव तालुक्यातील आणि शेजारच्या कळंब, राळेगाव, यवतमाळ तालुक्यांतील कार्यकर्त्यांसमोर काम उघड आहे आणि त्यासाठी मुंबईच्या आदेशाची गरज नाही. १ मेच्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने आपल्या फवारणी करणाऱ्यांची यादी नावनिशीवार करावी. त्यात बटाईने करणारे आणि सालदारही यावेत. १९७१ च्या नियमांप्रमाणे त्यांची तपासणी पहिल्या फवारणीच्या आत, म्हणजे जुलै उजाडण्यापूर्वी, ग्रामीण रुग्णालयात व्हावी, असा ठराव करून तो तहसीलदार आणि जिल्हा शल्यचिकित्सक यांना लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. तालुक्याच्या कृषी सेवा केंद्रांत जी औषधे विकली जातात त्यांच्या कंपन्यांनी गेल्या हंगामात किती मजुरांना, कोठे आणि कोणत्या तारखेला शिक्षण दिले याची माहिती कृषी अधिकाऱ्याकडे माहितीच्या अधिकारात मागावी, म्हणजे त्यांच्या अहवालातले आकडे आणि गावातली माणसे समोरासमोर येतील. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही लागत नाही.